अगरबत्तीच्या वासाची गाडी

कोर्टाच्या फाटकाबाहेर छत्रीखाली टेबल टाकून टायपिंग करणाऱ्या एक मावशी आहेत. अंधेरीत मला कोणी वाली भेटला असेल, तर त्याच. आधी त्यांचं सांगते, कारण पुढचं सगळं माझ्या मूर्खपणाचं आहे.

मी कुडाळकडची, शाळा सातवीत सुटलेली. इथे ऑफिसांना जेवणाचे डबे पोचवते. रिक्षावाल्यांनी जीव नकोसा केला म्हणून गाडी शिकले आणि एक जुनी गाडी बघायला मुलुंडला गेले. मालक निवृत्त गृहस्थ, आमच्याच बाजूचे. डॅशबोर्डवर गणपती, पुढे अगरबत्ती, आत नुसता घमघमाट. वाटलं, केवढा देवभोळा माणूस! मेकॅनिकला दाखवते म्हणायला जीभ रेटेना. एवढंच विचारलं, "काका, पाण्यात वगैरे नाय ना गेली कधी?"

"गाववाली मा गो तू? तुका मी कित्याक फसयतलंय?"

झालं. लग्नातल्या बांगड्या मोडून गाडी घेतली.

पंधरा दिवसांत ती भर रस्त्यात बंद पडली. गॅरेजवाल्याने सीटबेल्ट पार शेवटपर्यंत बाहेर ओढला. आतल्या हातभर पट्ट्यावर वाळलेला चिखल होता. "ताई, बुडालेली गाडी आहे ही. वास दाबायला अगरबत्ती लावली असेल."

काकांना फोन केला. या वेळी मालवणी नाही. "हे बघा बाई, गाडी तुम्ही बघून घेतलीत. कागदावर सही केलीत." फोन बंद.

पोलीस म्हणाले, दिवाणी मामला आहे, कोर्टात जा. कोर्टात म्हणजे नक्की कुठे? फाटकाशी उभी राहून रडत होते, तर मावशींनी हाक मारली, "ए, इकडे ये. रडून अर्ज होत नाही. बस."

सगळं ऐकून म्हणाल्या, "ग्राहक मंच विसर. तिथे फक्त धंदेवाल्यांविरुद्ध तक्रार चालते. ह्याने घरची गाडी विकली. पोलिसात फसवणूक म्हणायचं तर त्याला पाण्याचं माहीत होतं, हे दाखवावं लागेल. जाहिरात जपलीस? मेसेज आहे?"

"नाही. तोंडीच बोलले."

"वाट लागली. मग गॅरेजवाल्याकडून लिहून घे. गाडी बुडाल्याचे विम्याचे पैसे त्याने घेतले होते का, तेही शोधू. आधी नोटीस पाठवू, व्यवहार मोडला म्हणून. आणि ऐक, नोटीस गेली की गाडीला हात लावायचा नाही. परत घ्या म्हणायचं आणि वर वापरायची, असं चालत नाही."

"मग डबे कसे पोचवू?"

"ते मला नाही गं टाइप करता येत," मावशी म्हणाल्या आणि कागद मशीनमध्ये सरकवला.

त्यांच्या ओळखीच्या वकिलांनी नोटिशीवर सही केली. उत्तर आलं: गाडी तपासून घेतली, आमची जबाबदारी नाही. आता दावा लावायचा, तो किती वर्षं चालेल ते मावशीही सांगत नाहीत. गाडी चाळीखाली उभी आहे. मी पुन्हा रिक्षा धरते, डबे उशिरा पोचतात, दोन ऑफिसं सुटलीसुद्धा.

मावशींनी टायपिंगचे पैसे घेतले नाहीत. "जिंकलीस की बघू," म्हणाल्या. जिंकेन असं मला वाटत नाही. पण दाव्याचं काहीही होवो, मावशी, तुमचं मी एक दिवस फेडणार.