थांबेकाकू

त्यांचं खरं आडनाव तांबे. पण कुणी जायला उठलं रे उठलं की त्या म्हणणार, "थांब गं, एवढी काय घाई?" म्हणून देशाच्या राजधानीतल्या लक्ष्मीबाई नगर या सरकारी वसाहतीतल्या आम्ही मराठी पोरांनी त्यांची थांबेकाकू करून टाकली. आईला हा आगाऊपणा मुळीच खपायचा नाही. ती कटाक्षानं 'तांबेबाई' म्हणायची. काकू मात्र खूश होत्या. "बाप्तिस्म्याचं नावसुद्धा मला इतकं शोभलं नाही," म्हणायच्या.

काकू सरकारी कार्यालयात स्टेनो होत्या. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. रविवारी चर्चहून आल्या की आम्हा हिंदू घरांतल्या पोरांना पुढ्यात बसवून शुभवर्तमानातल्या गोष्टी सांगायच्या. त्यांच्या गोष्टींत बिचारे बारा शिष्य कायम मागच्या बाकावर. पुढची जागा बायकांना आणि परक्यांना. विहिरीवरची शोमरोनी बाई तर फारच लाडकी.

"काकू, शोमरोनी मतलब?" मी एकदा विचारलं.

"ज्यांच्या हातचं पाणी बाकीचे पीत नाहीत, त्यांतली. येशूनं नेमकं तिच्याकडेच पाणी मागितलं." आमच्या गल्लीत काकूंकडचं पाणी न पिणारी घरं होती, हे मला पुढे कळलं.

क्रुसाची गोष्ट आली की त्यांचा आवाज उतरायचा. "पुरुष पळाले. बायका थांबल्या. म्हणून तर कबर रिकामी झालेली पहिल्यांदा त्यांनाच दिसली. आणि त्यांनी धावत येऊन सांगितलं, तर पुरुषांना वाटलं, बडबड!" ओळखीत कुणाचंही दफन असो, लोक फाटकाकडे वळले तरी काकू माती सारखी होईपर्यंत उभ्या राहायच्या.

मी दहावीत असताना बाबा गेले. पुरुषमंडळी त्यांना घेऊन निघाली. बायकांनी जायचं नसतं, म्हणून आई दारातच राहिली. काकूंनी तिला विचारलं, "वहिनी, तुम्हाला जायचंय?" तोवर तिला हे कुणीच विचारलं नव्हतं. आई 'हो' म्हणाली. काकूंनी ऑटो केली आणि आम्हा दोघींना घेऊन गेल्या. चितेपासून सगळे परतले, तरी आईचा हात धरून त्या बसून होत्या. त्या बाईंचे हे उपकार मी जन्मात विसरणार नाही.

निवृत्तीनंतर क्वार्टर सुटलं आणि त्या मानेसरला भाच्याकडे गेल्या. फोनवर दर वेळी हसतहसत म्हणायच्या, "माझ्या वेळी कुणीतरी थांबा रे." मागून भाचा ओरडायचा, "आत्या, मी आहे ना, यार!"

गेल्या मे महिन्यात काकू गेल्या. ऊन भाजून काढत होतं. मूठमाती देऊन लोक सावलीकडे पळाले. भाचाही पाहुण्यांना सरबत द्यायला चर्चच्या हॉलकडे गेला. मला त्याचा राग आला आणि रडूही आलं. आई मात्र दुखरे गुडघे सांभाळत कडेच्या दगडावर टेकली.

माती लोटणाऱ्या माणसानं फावडं थांबवून विचारलं, "माताजी, आप इनकी कौन हैं? अभी टाइम लगेगा, आप चलिए."

"पड़ोसन," आई म्हणाली आणि हलली नाही.

तो पुन्हा माती लोटू लागला. आईनं पदर डोक्यावर ओढला, पुढे वाकली आणि त्या मातीकडे पाहत हळूच म्हणाली, "मी बसलेय हं, थांबेबाई."