लॉजवरची लग्नं

दिलीप गेल्याचं मला परभणीच्या एका लॉजच्या मॅनेजरने फोनवर कळवलं. सकाळी खाली चहाला आला नाही, दार वाजवलं तरी उघडेना, मग त्यांनी दुसऱ्या किल्लीने उघडलं... झोपेतच गेला होता. हृदय बंद पडलं, असं डॉक्टरांनी सांगितलं. एवढं बोलून मॅनेजर जरा घुटमळला आणि म्हणाला, "ताई, त्यांच्या रूमच्या टीव्हीला एक मशीन जोडलेलं आहे. ते आम्हाला सुटेना. येताना कुणी माहीतगार घेऊन या." माझा सख्खा धाकटा भाऊ गेला होता, ती बातमी अजून धड डोक्यात शिरली नव्हती, आणि माझ्या तोंडून काय निघावं? "वायर तोडून टाका." त्या मशीनचा राग माझ्या मनात इतका साठलेला होता. आज दीड महिना होत आला, तो अजून पुरता गेलेला नाही. गेलेल्या माणसाविषयी गोड लिहायची पद्धत आहे, पण ती मला जमेल असं दिसत नाही.

आम्ही मूळचे वेल्ह्याच्या वरच्या अंगाला असलेल्या पासलीचे. मी लग्न होऊन भोरला आले, कचेरीत नोकरी केली आणि इथेच निवृत्त झाले. दिलीप माझ्या पाठचा. तो वजनकाटे दुरुस्त करायचा. किराणा दुकानातले नव्हेत, साखर कारखान्याच्या नाहीतर बाजार समितीच्या दारात जमिनीत बसवलेले, ज्यांच्यावर भरलेला ट्रक उभा राहतो ते. काटा बंद पडला की उसाच्या गाड्यांची रांग पार रस्त्यापर्यंत जाते आणि ट्रॅक्टरवाले शिव्या घालायला लागतात. मग कंपनीचा फोन यायचा आणि हा मिळेल त्या एसटीने निघायचा. आज जालना, उद्या लातूर, तिथून परस्पर नांदेड. ऊस संपत नाही तोवर गहू, गहू झाला की कांदा, हळद. आणि नेमकी हीच आपल्याकडची लग्नसराई. भावकीतल्या एकाही लग्नाला दिलीप वेळेवर हजर राहिला नाही. वेळेवर म्हणजे काय, राहिलाच नाही.

त्याच्या स्वतःच्या लग्नासाठी मी काय कमी खटाटोप केला? नसरापूरची एक चांगली मुलगी सांगून आली होती. पाहुणे माझ्या घरी आले, पोहे झाले, चहा झाला, दुसऱ्यांदा चहा झाला, आणि मुलगा लातूरला काट्याखालच्या खड्ड्यात उतरलेला. मुलीचे वडील जाताना म्हणाले, "ताई, बघायलाच न्हाई आले, तर नांदवायला कवा येतील?" पुढे दिलीपने तो विषयच बंद केला. माझ्या मुलीच्या लग्नात आंतरपाट धरला तेव्हा नवरीच्या पाठीशी उभं राहायला मामा नव्हता. चुलतभाऊ उभा राहिला. दिलीप मांडव उतरल्यावर आला, हातात साडीची पिशवी आणि शर्टावर ग्रीसचे डाग. मी त्याच्याशी धड बोललेही नाही, आणि तेव्हा तसं वागले त्याचं मला आजही काही वाटत नाही.

ते मशीन त्याला एका दूध डेअरीच्या मॅनेजरकडे मिळालं. मुलासाठी घेतलेलं गेमचं जुनं मशीन, मुलाला नवं आणल्यावर माळ्यावर पडलेलं. काळं, जाडजूड, देव्हाऱ्यातल्या चौरंगाएवढं. दिलीपला गेममध्ये काडीचा रस नव्हता. एकदा त्याने मोटारीची शर्यत खेळून पाहिली, गाडी पहिल्याच वळणावर दरीत घातली आणि म्हणाला, "अक्का, वरंध्याच्या घाटात असं झालं असतं तर?" तो विषय तिथेच संपला. त्याला कळलं होतं ते इतकंच, की या मशीनमध्ये डीव्हीडी चालते आणि ते कुठल्याही टीव्हीला जोडता येतं. लॉजवरचा टीव्ही म्हणजे भिंतीला टांगलेला, रिमोट काउंटरवरून मागून आणायचा, त्यात सेल नसायचे, आणि चॅनल लागलेच तर एक बातम्यांचं आणि एक दागिने विकणारं. हा गडी खोलीत शिरला की आधी टीव्हीच्या मागे हात घालायचा. पिशवीत दोन शर्ट, त्यांच्यामध्ये टॉवेलात गुंडाळलेलं मशीन, पक्कड, आणि लांब वायरचा एक बोर्ड, कारण लॉजवर प्लग नेहमी पलंगापासून लांब. कपडे धुवायला ठेवून जायचा, पण मशीन कधी विसरला नाही.

आता कुणालाही वाटेल, तो सिनेमे बघत असेल. तसं असतं तर माझी काही तक्रार नव्हती. पण हा माणूस लग्नं बघायचा. आपल्याकडे घरोघरी कपाटात एक लग्नाची डीव्हीडी असते, कव्हरवर बदामात नवरा-नवरीचा फोटो. पहिल्या वर्षी सगळे बघतात, पुढे तिच्याकडे कुणी ढुंकून पाहत नाही. दिलीप गावाला आला की घरोघरी जाऊन त्या मागायचा. पासली, वेल्हे, पाली, मावशीचं सासर, आत्याचं सासर. मग जालन्याच्या लॉजवर हा पासलीची हळद बघत बसायचा. शेजारच्या खोल्यांतले पंपाचे आणि बियाण्यांचे विक्रेते शेंगदाणे घेऊन येऊन बसायचे, आणि ज्यांचा आमच्याशी काही संबंध नाही ते लोक विचारायचे, "ही रुसलेली कोण? नवऱ्याची आत्या का?" हे तो मला हसून सांगायचा आणि माझा संताप व्हायचा. माझ्या मुलीच्या लग्नाची डीव्हीडी त्याने तिच्याकडून परस्पर नेली. नंतर फोनवर म्हणाला, "अक्का, विहिणीची ओटी भरताना तू मागे वळून डोळे पुसलेस. कुणी बघितलं नाही, पण मला दिसलं." मी म्हणाले, "मग यायचं होतंस."

आणि डीव्हीडी परत करायची म्हणजे याच्या जिवावर यायचं. तेराव्याला पासलीत मांडवाखाली बसले होते, तर एकेक जण हळूच शेजारी येऊन टेकायचा. "ताई, आज बोलू न्हाई, पर आमची शिडी दिलीपकडं व्हती..." एक झाला, दुसरा झाला. जेवणं उरकेपर्यंत मला वाटायला लागलं की ही माणसं दुखवट्याला आली आहेत की डीव्हीडीला? परभणीहून आलेली पिशवी मी भोरला पलंगावर उपडी केली आणि ज्याची त्याला पोचवत सुटले. पोचवता पोचवता जो तो त्यात कोण कोण आहे ते सांगायचा, आणि मला एक गोष्ट टोचायला लागली. एवढ्या लग्नांत गावातलं कोण नाही? लहानपणी आमच्या खोड्या काढणारा पोस्टमन आहे, म्हातारी सुईण आहे, कुणाकुणाची मेलेली माणसं वरातीत नाचताहेत. माझा भाऊ एकाही लग्नात नाही. भिंतीवर लावायला फोटो शोधला तर कंपनीच्या ओळखपत्रावरचा निघाला, तोही डोळे अर्धवट मिटलेला. तोच मोठा करून हार घातला आहे.

सगळ्यांच्या डीव्हीडी पोचल्या, एक सोडून. वत्सलाकाकी आमच्या चुलत्यांच्या घरातल्या, वय झालेलं, गुडघे धरलेले. पासलीहून वेल्हे, वेल्ह्याहून नसरापूर, अशा गाड्या बदलत त्या माझ्या दारात उभ्या राहिल्या. त्यांच्या मुलाच्या, संतोषच्या लग्नाची डीव्हीडी दिलीपने नेली होती. त्या लग्नानंतर थोड्याच दिवसांनी नामदेवकाका गेले. शूटिंग करणाऱ्याने दुकान बंद करून किती वर्षं झाली, दुसरी प्रत नाही.

"काकी, काकांचे फोटो आहेत ना घरी?" मी म्हणाले.

"फोटूत बोलत न्हाईत गं ते," काकी म्हणाल्या.

पिशवी पुन्हा झटकली, कव्हर निघालं, आत काही नाही. म्हणजे डीव्हीडी मशीनच्या पोटात. ती बाहेर काढायचं बटण दाबलं की मशीन आतल्या आत कण्हायचं, घरघरायचं आणि गप्प व्हायचं. भोरातल्या मोबाईलवाल्याकडे नेलं, तो म्हणाला, "मॅडम, हे आता कोण वापरतं?" कोण वापरतं! जसं काही मी हौसेने घेऊन फिरत होते. पुण्याला एका दुरुस्तीवाल्याकडे नेलं. त्याने मशीन उलटसुलट केलं आणि सांगितलं, "डिस्क काढून देतो, पण खोलल्यावर हे परत चालू होईल याची हमी नाही." मी ते मशीन मांडीवर घेऊन एसटीत बसले आणि वाटभर दिलीपशी मनातल्या मनात भांडले. जन्मभर कुणाच्या लग्नाला गेला नाहीस, आणि आता काकीचा नवरा आत कोंडून बसलायस. खोलावं तर तुझी म्हणून जी एक वस्तू माझ्याकडे आहे ती जाणार, न खोलावं तर त्या बाईला काय तोंड दाखवू?

काकींना फोन करून सगळं खरं सांगितलं. खोलू का, ते तुम्हीच सांगा, म्हणाले. त्या म्हणाल्या, "मला ती शिडी घिऊन काय चाटायची हाय का? मला ह्यांना बघायचंय. तू टीव्हीला लाव, मी येते." इतके दिवस मी ती डीव्हीडी बाहेर काढायच्या मागे लागले होते, ती आतच चालवून बघावी हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. त्याचाही राग आला.

पण लावणं म्हणजे काय सोपं होतं? आमचा टीव्ही भिंतीला चिकटवलेला, मागे बोटं शिरत नाहीत. लॉजवाल्याने न तोडता ओढून काढलेली वायर खोचली तर पडद्यावर 'सिग्नल नाही'. रिमोटवरचं एकेक बटण दाबून पाहिलं. दिलीप मला हे कितीदा समजावून सांगायला बघायचा, आणि मी म्हणायचे, मला नको तुझं ते खूळ. मशीनचा रिमोट मेलेला, त्याच्या चार्जिंगची वायर जुन्या तऱ्हेची, ती मोबाईलवाल्याच्या अडगळीत मिळाली. शेवटी कळलं की वायर वरच्या बाजूला दाबून धरली की चित्र येतं आणि सोडली की जातं. काकी दुपारी आल्या. त्यांना पलंगावर बसवलं आणि मी भिंतीला टेकून वायर धरून उभी राहिले.

त्या मशीनची एक रीत होती, जिथे थांबवलं असेल तिथूनच ते पुढे चालू व्हायचं. त्यामुळे गणपती नाही, हळद नाही, एकदम जेवणाची पंगत आली. पत्रावळी मांडलेल्या, वाढपी बुंदीची बादली घेऊन पळताहेत, आणि पंगतीच्या कडेला उपरणं सावरत नामदेवकाका. काकींनी पदर डोक्यावर घेतला. "हे बघ... किती बारीक झालं व्हतं," त्या म्हणाल्या, आणि मग एकदम हात वर करून, "गप, बोलत्यात."

एक गाणं संपून दुसरं लागायच्या मधे शूटिंगवाल्याने थोडा खरा आवाज राहू दिला होता. काकांच्या कानाला मोबाईल होता आणि भांड्यांच्या गलक्यात ते ओरडत होते, "दिल्या, अरं कुठं हायस तू? पंगत बसली न्हवं. तुझं पान मांडलंय हितं माझ्याशेजारी..."

मी वायर तशीच धरून उभी होते. म्हणजे लॉजवरच्या त्या खोलीत तो शेवटचं बघत होता ते हे. संतोषचं लग्न नाही, कुणाचंच लग्न नाही... त्याला हाक मारलेली तेवढी एक जागा.

काकींचं बघून होत नाही. त्या आता दर बाजाराला भोरला येतात, चपला दारात काढतात आणि टीव्हीकडे बोट करतात. मशीन मी खोललेलं नाही. वायर धरून माझा खांदा दुखतो, चित्र मधेच जातं, मी वैतागते, तरी त्यांनी 'परत लाव' म्हटलं की परत लावते. त्या काकांच्या तोंडाकडे बघत असतात. मी त्या मोबाईलकडे बघते, आवाज पार वाढवून. काका बोलून थांबतात, ऐकतात, हसतात. म्हणजे पलीकडून दिलीप काहीतरी बोलतो आहे. आणि तेवढ्यात पुढचं गाणं सुरू होतं.