सुरयांची वाळू

माझा स्वभाव भांडकुदळ आहे, हे माहेरी सगळ्यांना ठाऊक होतं आणि देवपूरच्या सासरी पहिल्या महिन्यातच कळलं. त्याची मला लाज वाटत नाही. वाटते ती दुसऱ्याच एका गोष्टीची.

माझं माहेर तापीकाठचं. उन्हाळ्यात नदी आकसली की वडील वाळूत डांगरं, म्हणजे खरबुजं, लावत. त्यांना आम्ही आबा म्हणायचो. वेलांच्या पुढचा वाळूचा एक पट्टा मात्र ते दरवर्षी मोकळा सोडत, कारण तिथं पाखरं अंडी घालायची. काळी टोपी, पिवळी चोच, कात्रीसारखी शेपटी. गावात त्यांना नुसतं 'पाखरं' म्हणत. सुरय हे नाव मला पुढं पुस्तकात सापडलं. घरटं कसलं, वाळूत टाचेनं केल्यासारखा खळगा आणि त्यात ठिपक्यांची दोन-तीन अंडी. ऊन चढलं की पाखरू पाण्याला पोट लावून यायचं आणि ओल्या पोटानं अंड्यांवर बसायचं. आबांनी हे मला लांबून दाखवलं तेव्हा मी लग्न होऊन पहिल्यांदा आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माहेरी आले होते.

आखाजीच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे माहेरवाशिणी गौराई शिरवायला, म्हणजे विसर्जन करायला, नदीवर जातात. पलीकडच्या गावच्या पोरीही येतात. मग दोन्ही गावच्या पोरी समोरासमोर उभ्या राहून एकमेकींना शिव्या घालतात. मनसोक्त! त्या दिवशी पोरीच्या शिवीचा राग कुणी धरायचा नाही, हा रिवाजच. आमच्या गावच्या पोरी उभ्या राहायच्या ते नेमकं त्याच मोकळ्या पट्ट्यावर. तिथून नाचून, वाळू उधळून परत येईपर्यंत एक अंडं शाबूत राहत नसे. आदल्या वर्षापर्यंत त्यात मीच सगळ्यांच्या पुढं असायची.

त्या वर्षी मी म्हटलं, या वाळूवर यायचं नाही. काठावरून शिव्या द्या.

"सासरनी हवा लागनी हिले!" मैत्रिणी हसल्या. भावकीतल्या एका अक्कानं हात नाचवले, "नदी काय तुना बापनी शे का?"

दुसऱ्या दिवशी उजाडताच बाभळीची फांदी घेऊन वाळूवर गेले आणि सगळ्यात पुढच्या घरट्यापासून चार हातांवर ठाण मांडलं. ऊन चढलं. गौराई डोक्यावर घेऊन पोरी आल्या, तशी मी उठले आणि तोंड सोडलं. पलीकडच्या गावाला नाही, आमच्याच गावाला! "तुनी खापरनी पुरनपोयी कुत्रा लई जावो! या वाळूमा पाय ठेवा ते तुमना नवरासन्या मिशा उपटसू!" अक्का लालबुंद झाली, पण बोलणार काय? आखाजीची शिवी होती. पोरींना हसू आवरेना. त्या काठावरच थांबून मला उत्तरं देऊ लागल्या, पलीकडच्याही त्यात सामील झाल्या, आणि दोन गावांना एकटी पुरून उरत मी सूर्य डोक्यावर येईतो भांडले. गौराई काठावरूनच शिरवली गेली. वाळूवर एक पाऊल पडलं नाही.

पोरी गेल्या तेव्हा माझा घसा बसला होता आणि मी जग जिंकलं होतं.

आबा वेलांतून आले. त्यांनी आधी वर पाहिलं. दोन पाखरं माझ्या डोक्यावर ओरडत घिरट्या घालत होती. सकाळपासून ती ओरडत होती, आणि मला वाटत होतं, ती पोरींवर ओरडताहेत.

"कवयपासून बठेल शे तू आठे?"

"दिन उगना तवयपासून."

ते खाली बसले. खळग्यातल्या तिन्ही अंड्यांना बोटाची पाठ लावली आणि चटका बसल्यासारखी काढून घेतली. "तू बठेल शे म्हनीसन पाखरं उतरनात नहीत, बेटा. ऊठ आते."

बाकीची घरटी दूर होती, ती वाचली. ते जोडपं संध्याकाळपर्यंत त्या अंड्यांवर बसत होतं. मी काठावरून ते पाहिलं आणि ढसाढसा रडले.

रडले, पण हटले नाही. पुढच्या आखाजीला काठावर उभी राहून भांडले. त्याच्या पुढच्याही. काही वर्षांनी धुळ्याहून मोटारी करून लोक डांगरं खायला येऊ लागले. एकदा एक कुटुंब नेमकं त्या पट्ट्यावर सतरंजी अंथरून बसलं. डोक्यावर पाखरं ओरडत होती. मी काठावरून हाका मारून त्यांना उठायला सांगितलं.

गृहस्थ सभ्य होते. म्हणाले, "बाई, आम्ही अंड्यांना हातसुद्धा लावलेला नाही. नुसते बसलोय."

"मीही नुसतीच बसले होते," मी म्हटलं. "तिन्ही मेली. उठा."