डांग्या खोकला आणि समोरचा दवाखाना

“डाक्टरबाय, दूध पिताना मधेच श्वास थांबतो. तोंड निलं पडतं.” पाचूबंदरच्या आजीने पाच आठवड्यांचा नातू माझ्या टेबलावर ठेवला. मी बाळ तपासत होते, ती मला निरखत होती. “तुमचा खोकला अजून गेला नाय? दवा घेवा की.”

“धूळ आहे,” मी म्हणाले. मनवेलपाड्यातल्या आमच्या गल्लीत गटाराचं काम चालू होतं.

मला डांग्या खोकल्याची शंका आली. एवढ्या लहान बाळाला ढास येतेच असं नाही, कधी थेट श्वासच थांबतो. पहिली लस सहाव्या आठवड्यात, म्हणजे हे बाळ अजून कोरंच. आयसीयू होता तो रस्त्यापलीकडच्या डॉ. केतनच्या दवाखान्यात. तिथे पाठवणं भाग होतं आणि तेच मला झोंबलं. केतन माझ्याहून वीस वर्षांनी लहान. त्याने ‘पेनलेस’, म्हणजे दुखणं-ताप कमी आणणाऱ्या नव्या लसीची पाटी लावली आणि माझे अर्धे पेशंट रस्ता ओलांडून गेले. त्याच्या दारातल्या चपला मोजायची मला सवय लागली होती. जळत होते, खोटं कशाला बोलू?

म्हणून बाळाच्या सहा वर्षांच्या भावाला सर्दी आहे आणि त्याचे सगळे डोस केतनकडचे, हे कळल्यावर मला चक्क बरं वाटलं.

कारण सांगते. आपल्या टी-सेल्स, म्हणजे शरीराच्या रक्षक पेशी, जंतूची ओळख लक्षात ठेवतात. खरा आजार झाला किंवा ताप आणणारी जुनी लस घेतली, की त्यांची फौज जास्त कडक तयार होते. आजारानंतर तर काही टी-सेल्स नाकाच्या अस्तरातच मुक्काम ठोकतात. पेनलेस लसीने माणूस फारसा आजारी पडत नाही, पण नाकातला हा पहारा कमी पडतो, असं संशोधनात दिसतंय. मग धडधाकट मूलही जंतू वाटत फिरू शकतं.

बाळाला तिकडे पाठवलं आणि मी केतनला फोनवर सुनावलंच. “भावाचा स्वॅब घे. तुझ्या पेनलेसची कृपा असेल.”

“घरातल्या सगळ्यांचेच घेतो, मॅडम.”

दुसऱ्या दिवशी तो स्वतः रस्ता ओलांडून आला. “बाळ पॉझिटिव्ह. घरातले सगळे निगेटिव्ह, भाऊसुद्धा.” जरा घुटमळला. “दहा दिवसांपूर्वी बाळाचं वजन तुम्हीच केलं होतं ना? तुमचा खोकला कधीपासूनचा?”

“मला लहानपणी डांग्या खोकला होऊन गेलाय, केतन. माझा पहारा पक्का आहे.”

“पन्नास वर्षांपूर्वीचा, मॅडम.”

स्वॅबची काडी त्याने खिशातच आणली होती. मी पॉझिटिव्ह निघाले. खऱ्या आजाराचा पहाराही जन्मभर टिकत नाही, हे मीच पालकांना सांगायची.

औषध सुरू करून दवाखाना पाच दिवस बंद ठेवला. खोकला सुरू झाल्यापासूनच्या दोन आठवड्यांत आलेल्या प्रत्येक पेशंटच्या घरी फोन केला आणि सगळ्यांना तपासायला केतनकडेच पाठवलं. खिडकीतून त्याच्या दारातल्या चपला दिसत होत्या. या वेळी मोजल्या नाहीत.

बाराव्या दिवशी बाळ घरी गेलं. आजीला मी सांगितलं, “माझ्यामुळे झालं.” तिने बाळाला पदराखाली घेतलं. मग म्हणाली, “मी बोललेली, दवा घेवा.”

केतनने ही गोष्ट कुणाला सांगितली नाही. त्याच्या या मोठेपणाचाही मला हेवा वाटला.

पुढे बूस्टर त्याच्याच हातून घेतला. मोठ्यांना पेनलेसच मिळते. तेव्हापासून एक नियम पाळते: शेजाऱ्याच्या लसीत खोट काढण्याआधी डॉक्टरने स्वतःचा खोकला तपासून घ्यावा.