चाळीस फेकी राहिल्या

सोमवारी सकाळी तेलगावच्या आमच्या शाळेत प्रार्थना चालू होती, तेवढ्यात परळीहून सुजाताचा, म्हणजे धाकट्या भावाच्या बायकोचा फोन आला. "भाऊजी... हे उठंनात ओ." परळीला पोचेपर्यंत मला वाटत होतं, मी हाक मारली की उठेल मिलिंद. लहानपणी शाळेसाठी त्याला मीच उठवायचो.

मिलिंद वीज केंद्रात नोकरीला होता, पण रविवारी दुपारी तो खेळ मांडायचा. कागदावर गुहा काढायची, सुजाता आणि मी जादूगार, राक्षस तो चालवणार, आणि कुणाचं काय होणार ते वीस बाजूंचा फासा ठरवणार. मंत्र दोन तऱ्हेचे. एकात फासा मंत्र मारणाऱ्यानं टाकायचा, नेम चुकला की डाव फुकट. दुसऱ्यात राक्षसानं जीव वाचवायला टाकायचा, आणि वाचला तरी तो अर्धा भाजायचाच. सुजातानं दुसरे घेतले. मी गणिताचा मास्तर! माझं नशीब राक्षसाच्या हाती कशाला देऊ, म्हणून ऐटीत पहिले घेतले, आणि सलग चार रविवार मुंगीसुद्धा मारली नाही. नववीला संभाव्यता शिकवणारा माणूस फाशावर रुसला. तेवढ्यानं भागेना, म्हणून भावावर. "बायकोच्या बाजूनं नियम लावतोस बे तू." त्याचा चेहरा उतरला. "दादा, मी राक्षसाच्याबी बाजूनं न्हाई," म्हणाला... आणि खरंच नव्हता. घरात भाकरीचे वाटे तो करायचा आणि आपला सगळ्यात शेवटी उचलायचा.

आठवडाभर तो ड्यूटीवरून येऊन माझेच मंत्र दुरुस्त करत बसला. शनिवारी निरोप आला : 'दादा, आता नेम चुकला तरी राक्षसाला ओरखडा बसंल. उद्या ये, शंभरदा टाकून बघू. राक्षसाला लई जड झालं तर परत बदलू.' मी कळवलं, लिंबागणेशला लग्न आहे. लग्नबिग्न काही नव्हतं. मी घरी लोळून क्रिकेट बघितलं, आणि दुसऱ्या सकाळी तो फोन आला.

तो गेल्यावर महिन्याभरानं सुजातानं त्याची वही पुढं ठेवली. शंभर ओळी आखलेल्या, साठ भरलेल्या. "त्या रविवारी दिवसभर एकटेच टाकत बसलते," ती म्हणाली. "राक्षसाच्या वाराचा फासा उजव्या हातानं, तुमच्या मंत्राचा डाव्या. म्हनले, माझा हात दादाच्या नशिबाला लागाया नको. मंग उरलेल्या चाळीस तुमच्यासाठी ठिवल्या. लग्न आटपून संध्याकाळी येतेल म्हनून वाट बघत व्हते." जरा थांबून तिनं विचारलं, "कसं झालं ओ लग्न?"

 वहीकडे बघतच मी म्हणालो, "लग्न नव्हतं, सुजाता. मी घरीच होतो. रुसून."

 बाहेर कुणाचा तरी कुकर तीनदा वाजला. मग तिनं डोळे पुसले, फासा उचलून माझ्या तळहातावर ठेवला आणि स्वतः पेन घेऊन एकसष्टाव्या ओळीवर वाकली.

"टाका," म्हणाली.