कॉम्प्युटरला घातलेली खोळ

सत्त्याण्णव. स्क्रीनच्या कोपऱ्यातला आकडा लाल झालेला, टूक टूक वाजतोय, टेबलाखाली कॉम्प्युटरचा डबा असा घरघरतोय की आता उडतो की काय. माझ्या कडेवर दीड वर्षाची पोर, तिचं नाक गळतंय, ती रडतेय, मीपण रडायच्या बेतात. ह्यांना फोन लावला. बंद. बंदच असणार, साइटवर फोन लॉकरमध्ये ठेवायला लागतो. शिफ्ट सुटेपर्यंत नवरा मफी, इथल्या अरबीत मफी म्हणजे नाहीच.

ह्यांनी तो कॉम्प्युटर कंपनीने ठरवून दिलेल्या स्पीडच्या पुढे पळवायला लावलेला. ओव्हरक्लॉक म्हणतात त्याला. चित्रं पटापट बनतात, पण आतला प्रोसेसर तापतो. हे मला सांगून ठेवायचे, "ऐंशी डिग्रीपर्यंत ठीक. नव्वदच्या वर गेला की घाबरायचं. शंभरला तो आपला आपण बंद पडतो."

आणि त्या दिवशी बंद पडून चालणारच नव्हतं. एका नव्या ऑफिसने ह्यांची परीक्षा घेतलेली, बुदैयातला एक व्हिला बांधल्यावर कसा दिसेल, त्याचं चित्र करून चार वाजेपर्यंत पाठवा. नोकरी लागली तर पगार वाढणार, पगार वाढला तरच माझा आणि पोरीचा व्हिसा रिन्यू होणार. नाहीतर आम्ही दोघी गावी आणि हे एकटे इथे बहारीनला, उम्म अल हस्सममधल्या या खोलीत. पहाटे पाचला हे चालू करून गेलेले, तेव्हापासून कॉम्प्युटर आपला आपण चित्र बनवत होता. मधेच बंद पडलं तर परत पहिल्यापासून.

दार उघडंच होतं. रडारड ऐकून समोरच्या फ्लॅटमधल्या आंटी आल्या. वसईच्या, हॉस्पिटलात नर्स, नाइट करून नुकत्या झोपलेल्या.

"काय गं, कुणाला मारतेस?"

"आंटी, कॉम्प्युटर तापलाय! सत्त्याण्णव!"

त्यांनी टेबलाखाली वाकून बघितलं. "तापणारच की. एवढ्या उन्हाळ्यात त्याला झबलं कुणी घातलं?"

मी घातलेलं. आमच्याकडे मिक्सरला खोळ, फ्रीजला खोळ, टीव्हीला खोळ. इथे तर खिडक्या बंद असल्या तरी धूळ येते. म्हणून पडद्याचं उरलेलं कापड होतं, त्याची झालर लावून शिवलेली मी हौसेने. रोज झाडून झालं की घालायची, संध्याकाळी हे काढून मग चालू करायचे. त्या दिवशी हे चालूच ठेवून गेलेले आणि मी सवयीने झाडलं, पुसलं, घातली खोळ. गरम हवा वरून आणि मागून बाहेर पडते, तेच सगळं गच्च झाकलेलं.

ओढून काढली. तोंडावर वाफ आली, कुकरचं झाकण काढल्यासारखी. आकडा त्र्याण्णववर आला आणि तिथेच बसला. कारण खोलीच भट्टी झालेली, पोरीला सर्दी म्हणून कालपासून एसी बंद. खोली एकच आमची. मी एसी फुल लावला.

"अगं, पोरीला सर्दी आहे ना?"

"आहे. खोळ आहे ना." मी पोरीला त्याच खोळीत गुंडाळलं. झालर गळ्याशी.

आंटी हसल्या, पण मग म्हणाल्या, "बंद कर गं सरळ. जळला तर नवरा सोडेल का तुला?"

"बंद केला तर बहारीन सोडावं लागेल आंटी."

तेवढ्यात डोकं चाललं. दूध वर आलं की आपण काय करतो? गॅस बारीक करतो. ह्यांनी स्क्रीनवर दोन बटणं करून ठेवलेली, एक फास्ट, एक नॉर्मल. माझी शाळा नववीत सुटली, इंग्लिश मी एकेक अक्षर लावून वाचते. पण एन ओळखायला नववी पुरते. दाबलं. सगळं क्षणभर थांबलं. माझा श्वासपण. मग चित्र परत हळूहळू सरकायला लागलं. पंच्याऐंशी. अठ्ठ्याहत्तर.

आता भीती दुसरी. या चालीने चारपर्यंत होईल का? आंटी झोपायला गेल्या, मी पोरीला मांडीवर घेऊन आकड्यासमोर बसले. दीड वाजता पायाला फरशी गार लागली आणि आकडा सत्तरच्या आत आला. मग मीच परत फास्ट दाबलं. गॅस मोठा. ब्याऐंशीवर थांबला, पुढे गेला नाही.

साडेतीनला हे आले. "एसी एवढा? आणि हिच्या अंगावर ही खोळ काय?"

सगळं सांगितलं. ह्यांनी वाकून आकडा बघितला. मग म्हणाले, "परत फास्ट करायला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. खोली गार झालेली."

चाराला आठ मिनिटं असताना ह्यांनी चित्र ऑफिसला पाठवलं.

मी हे बहारीनमधूनच लिहितेय, म्हणजे काय झालं ते कळलंच. आता कॉम्प्युटर माझ्या ताब्यात. जाळीतली धूळ मी काढते, प्रोसेसर गार ठेवायची पेस्ट मी लावते, वाटाण्याएवढी, जास्त नाही. खोळ पोरगी बाहुलीला घालते.

हे मात्र अजून म्हणतात, "तू नशीबवान. सत्त्याण्णव दिसला की सरळ बंद करायचा, चित्र गेलं तर गेलं." मला नाही पटत. तुम्ही सांगा, कडेवर पोर, समोर लाल आकडा, नवऱ्याचा फोन बंद. तुम्ही केला असता बंद?