वाढवून टाका

आमचे हे, योगेंद्र, देवासच्या एका कारखान्यात एकोणीस वर्षं कॉम्प्युटर सांभाळतात. तिथे बसच्या ब्रेकचे भाग बनतात. सगळ्या विभागांच्या फाइली एकाच सर्व्हरवर. कोणी नुसती पाहायची, कोणी बदलायची, कोणी पुसायची, याची यादी यांच्या हाती. मला एकदा समजावलं, "अगं, तुझ्या सोवळ्यासारखंच. देवघराच्या दारापर्यंत सगळे, आत शिवणारा एकच." यादीत नाव नसेल तर साहेबालाही आत घेत नाहीत. कॅन्टीनमध्ये यांना 'द्वारपाल भिया' म्हणतात; भिया म्हणजे इकडचा भैया. हे हसतात, पण यादी रोज सकाळी पोथीसारखी वाचतात.

गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी मॅनेजर जगदेवरावांचा फोन आला. जुन्या देवासकर घराण्यातला माणूस, अशुभ शब्द तोंडातून काढायचा नाही. एवढंच बोलले, "तपासणीच्या सुभाषरावांचा अधिकार आजच वाढवून टाका."

यांना वाटलं, बढती झाली असेल. सगळ्यात वरच्या 'टेस्टिंग' फोल्डरवर सुभाषरावांना पूर्ण हक्क देऊन टाकला. वरचा हक्क आतल्या सगळ्या फोल्डरांना वारशाने मिळतो. एरवी एकदा लिहिलेला रिपोर्ट त्यांना बदलता येत नसे. आता सगळेच बदलता येऊ लागले.

दुसऱ्या दिवशी सुभाषराव पेढे घेऊन यांच्या टेबलाशी. "योगेंद्र भिया, बडी मेहरबानी! विचारलंसुद्धा नव्हतं हो मी."

पेढे घरी आले. का कोण जाणे, देवीपुढे ठेवायला माझा हात पुढे झाला नाही.

चौथ्या दिवशी सकाळी नळाला लागून माझी बांगडी गेली. हे बूट घालत होते.

"बांगडी वाढली वाटतं," मी म्हटलं.

"वाढली कशी? फुटली ना?"

"सवाष्णीनं फुटली म्हणू नये. बांगडी वाढते, नारळ वाढवतात. तुमची सगळी शाळा हिंदीत झाली, तुम्हाला कोण सांगणार!"

यांच्या हातातली नाडी तशीच राहिली. "दुकान बढ़ा दो," हे हळूच म्हणाले. "बाजारात शटर ओढताना रोज ऐकतो मी. रोज!" आणि जगदेवरावांना फोन लावला.

जगदेवरावांचा आवाज मलाही ऐकू आला. "सुभाष माझ्यासमोर बसला होता, योगेंद्र. नापास माल पास करतोय असा संशय होता. त्याच्या तोंडावर बंद करा कसं म्हणू? तुम्हाला कळेल असं वाटलं."

यांनी जाऊन आधी हक्क काढला, मग सर्व्हरची जुनी प्रत उघडून ताडून पाहिली. चाळीस खोक्यांची एक खेप. भागांना बारीक तडे, म्हणून नापास. नव्या रिपोर्टात पास. बदल सुभाषरावांच्या नावाने, आणि त्यांना आत सोडलं ते यांच्या नावाने. ट्रक आदल्याच दिवशी गेला होता.

यांनी सगळं लिहून स्वतःच सही केली. नोकरी राहते की नाही, शनिवारी कळेल. अडतीस खोकी परत आली. दोन धारच्या एका गॅरेजात उघडली गेली होती. कोणत्या बसना ते भाग लागले, तिथे कोणी लिहून ठेवलं नाही.

तेव्हापासून रस्त्यावर बसचा ब्रेक करकरला की यांचा घास हातात राहतो.

आमची रुचा धारला शिकते. तिला बजावलं होतं, बसनं यायचं नाही, बाबा गाडी घेऊन येतील. आज दुपारी तिचा फोन. "आई, सरप्राइज! निघाले पण."

यांनी फोन ओढून घेतला. "कशानं?"

"बसनं. ओरडू नका ना बाबा, फार भरलीय, दारातच उभी आहे. घाटाबिल्लोद गाव मागे गेलं."

"पुढच्या थांब्याला उतर. रुचा? ऐकतेस का?"

फोन कटला. परत लागेना. हे चप्पल न घालताच गाडीकडे धावले.

मी दिवा लावून देवीपुढे बसले आहे. रोजचं मागणं ओठांवर आलं, आई, लेकीचं आयुष्य वाढव... आणि त्या शब्दाशी जीभ अडली. आई, एवढंच कर. तिला खाली उतरव.